फाटक्या प्रतीचे मोल

जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणे हा पैसेवाल्यांचा नाद आहे, असे आमच्या पुष्कळ सोबत्यांना वाटते. तसे वाटण्यात त्यांचे फारसे चुकतही नाही. परदेशांतल्या लिलावांत एखाद्या गाजलेल्या कादंबरीची पहिली प्रत ज्या किमतीला जाते, तेवढ्यात आपल्याकडे एखाद्या कुटुंबाचे घर उभे राहील. मग विडी वळणाऱ्यांच्या आणि माग चालवणाऱ्यांच्या गावात हा विषय काढायचा कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. आमचे उत्तर असे की, जुन्या प्रतीची किंमत हा पैसेवाल्यांचा विषय असेल, पण जुन्या प्रतीची साक्ष हा आपला विषय आहे. पुस्तक कोणी लिहिले, कोणी छापले, कोणाला परवडावे म्हणून छापले आणि कोणाच्या हातात ते झिजले, हे सारे ती प्रत सांगते. आणि ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनीच लिहिला, त्यांना ह्या साक्षीची गरज सर्वांत जास्त आहे.

हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही एका अमेरिकन कादंबरीची गोष्ट घेतो. तिचे नाव 'अंकल टॉम्स केबिन', म्हणजे टॉमकाकाची झोपडी. तिच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांची खरेदी-विक्री उघड चालत होती, त्या काळात लिहिलेली ही गोष्ट. एक धर्मशील, कष्टाळू निग्रो गुलाम एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला जातो आणि अखेर एका क्रूर मळेवाल्याच्या हुकमाने मार खाऊन मरतो. एलायझा नावाची दुसरी एक गुलाम आई आपले मूल विकले जाणार हे कळताच त्याला छातीशी धरून गोठलेल्या नदीवरून पळून जाते. एवढ्या कथानकाने एकोणिसाव्या शतकात जेवढी माणसे रडवली, तेवढी दुसऱ्या फारच थोड्या पुस्तकांनी रडवली असतील.

आंधळगावच्या माणसाला कापडाची पारख शिकवावी लागत नाही. कोशाचे पातळ हातात आले की तो आधी काठ पाहतो, पदर पाहतो, मग उलट बाजू पाहतो. सूत कोणते, पीळ कसा, रंग पक्का की कच्चा, हे त्याला बोटांनीच कळते. पुस्तकाच्या संग्राहकाचेही नेमके असेच असते. तो गोष्ट वाचण्याआधी पुस्तक उलटेपालटे करतो. शीर्षकपान, त्याच्या पाठचे पान, कागद, शिवण, पुठ्ठा, शेवटच्या पानांवरच्या जाहिराती, ह्या त्याच्या काठ आणि पदर पाहण्याच्या जागा.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. आपण सरसकट 'पहिली आवृत्ती' म्हणतो. पण एकदा खिळे जुळवून झाले आणि त्यांच्यावरून धातूचे ओतीव पत्रे तयार केले, की त्याच पत्र्यांवरून वाटेल तितक्या वेळा छपाई करता येते. पत्रे तेच, मजकूर तोच, तेव्हा आवृत्तीही तीच; पण छपाई पहिली, दुसरी, दहावी. संग्राहकाला हवी असते पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई. म्हणजे मागावरून उतरलेल्या पहिल्या ताग्यातले कापड.

आता ही कादंबरी कशी बाहेर पडली ते पाहू. अमेरिकेत १८५० साली पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा झाला. ज्या उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी नव्हती, तेथल्या नागरिकांनीही पळालेला गुलाम पकडून देण्यास साहाय्य करावे, अशी त्यात सक्ती होती. त्या संतापातून स्टोबाईंनी लेखणी उचलली. वॉशिंग्टनच्या 'नॅशनल एरा' ह्या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात ५ जून १८५१ पासून गोष्ट क्रमशः येऊ लागली आणि १ एप्रिल १८५२ रोजी संपली. तिचा शेवट साप्ताहिकात येण्यापूर्वीच, २० मार्च १८५२ रोजी, बॉस्टनच्या जॉन पी. ज्युएट ह्या प्रकाशकाने ती दोन खंडांत पुस्तकरूपाने काढली. पहिली छपाई ५,००० प्रतींची होती. पहिल्याच दिवशी ३,००० प्रती गेल्या असे सांगतात, आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत ३,००,००० प्रती खपल्या. मागणी पुरी करण्यासाठी छापखान्याची यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवावी लागली.

ज्युएटने प्रथम असा प्रस्ताव ठेवला होता की, खर्चाचा निम्मा भाग लेखिकेने उचलावा आणि नफ्याचा निम्मा भाग घ्यावा. स्टो कुटुंबाजवळ भांडवल नव्हते. म्हणून शेकडा १० टक्क्यांवर सौदा झाला. पहिल्या तीन महिन्यांतच बाईंना १०,३०० डॉलर मिळाले; त्या काळी एवढी रक्कम कोणत्याही लेखकाला स्वप्नवत होती. परंतु भांडवल असते तर किती मिळाले असते, हा हिशेबही कोणीतरी केला असेलच. भांडवल आणि कष्ट ह्यांच्यातली वाटणी लेखकालाही चुकत नाही, एवढेच आम्ही नोंदवतो.

ह्या पहिल्या छपाईची प्रत ओळखायची कशी? शीर्षकपानावर तळाशी बॉस्टनच्या ज्युएटबरोबर ओहायोतील क्लीव्हलँडच्या सहप्रकाशकाचे नाव आणि १८५२ हे साल असते. हॅमट बिलिंग्ज ह्या चित्रकाराने काढलेले झोपडीचे छोटे चित्र त्याच पानावर असते आणि आत त्याचीच सहा पूर्ण पानी चित्रे असतात. पुढच्या छपायांत शीर्षकपानावर 'दहावा हजार', 'विसावा हजार' असे आकडे अभिमानाने छापलेले आढळतात. पहिलीत अर्थातच असा आकडा नाही. आणि शीर्षकपानाच्या पाठीमागे, अगदी बारीक टाइपात, हॉबर्ट आणि रॉबिन्स हे नाव असते. हे ना लेखक, ना प्रकाशक. ज्या ओतशाळेत ह्या पुस्तकाचे पत्रे ओतले गेले, तिचे हे नाव. जगभरचे संग्राहक भिंग लावून ज्या ओळीचा शोध घेतात ती ओळ कारखान्याची आहे, ह्याची आम्हांला मोठी गंमत वाटते.

बारीक टाइपातल्या ह्या ओळीचे महत्त्व आम्हांला पुस्तकांनी शिकवले नाही, कामगारांच्या कामाने शिकवले. एका विडी कारखान्यात छाटीचा वाद होता. खराब म्हणून शेकडा किती विड्या छाटायच्या, ह्यावर भांडण. दोन छापील करारपत्रके पुढे आली. मजकूर जवळजवळ एकच, पण छाटीची मर्यादा घालणारे कलम एकात होते, दुसऱ्यात नव्हते. आधीचे कोणते? दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवून बोलत होते. अखेर कागदाच्या तळाशी असलेली छापखान्याची ओळ वाचली गेली, छापखानेवाल्याची नोंदवही निघाली आणि तारीख ठरली. त्या दिवशी कागदाच्या तळाची ओळ आमच्या बाजूने बोलली. छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण छापील कागदावर असलेच पाहिजे, असे बंधन आपल्या देशात १८६७ च्या कायद्याने घातले होते. सरकारने ते आपल्या देखरेखीसाठी घातले. पण गरिबाच्या बाजूनेही त्याचा उपयोग होऊ शकतो, हे विसरता कामा नये.

पुन्हा टॉमकाकाकडे वळू. ज्युएटने पहिली छपाई तीन तऱ्हेच्या बांधणीत विकायला ठेवली. सोनेरी नक्षीची कापडी बांधणी दोन डॉलरला, साधी कापडी दीड डॉलरला आणि कागदी वेष्टनाची एका डॉलरला. ज्याची जशी ऐपत, त्याने तशी घ्यावी. आज ह्या तिघींत सर्वांत दुर्मीळ कोणती? सोनेरी नव्हे, कागदी. सोनेरी प्रती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेल्या आणि तेथे सुखाने राहिल्या. कागदी प्रती हातोहात फिरल्या, एकीने दुसरीला दिल्या, दिव्याजवळ मोठ्याने वाचल्या गेल्या, वेष्टन सुटले, पाने सुटली, आणि त्या संपल्या. १८५२ साल संपता संपता ज्युएटने 'लक्षावधींसाठी' म्हणून साडेसदतीस सेंटांची एक स्वस्त आवृत्ती काढली. त्याच सुमारास शंभराहून अधिक चित्रांची एक देखणी आवृत्तीही निघाली. देखणी आवृत्ती पुष्कळ ठिकाणी सुस्थितीत सापडते. स्वस्त आवृत्तीची धड प्रत मिळणे कठीण. म्हणजे पुस्तक दुर्मीळ होण्याची दोन कारणे आहेत: एक, ते फार थोडे छापले गेले, दुसरे, ते फार वाचले गेले. ह्या दुसऱ्या दुर्मीळपणापुढे आम्ही मान लववतो.

कागदाकडेही जरा पाहू. १८५२ सालचा पुस्तकाचा कागद आजच्यासारखा लाकडाच्या लगद्याचा नव्हता. तो चिंध्यांचा होता. जुने, विरलेले सुती आणि तागाचे कपडे गोळा करून, कुजवून, कुटून कागद होई. म्हणूनच त्या काळची पुस्तके अजून लवचीक आहेत, आणि नंतरच्या लगद्याच्या कागदावरची पुस्तके हात लावताच मोडतात. आता विचार करा. त्या चिंध्यांतला कापूस कोठला? अमेरिकेतल्या कापसाचा फार मोठा भाग तेव्हा दक्षिणेच्या मळ्यांत गुलामच वेचत होते. तेव्हा गुलामगिरीविरुद्धचे हे पुस्तक ज्या कागदावर छापले गेले, त्यात गुलामांच्या कष्टाचे धागे मिसळले असणार, हा तर्क चुकीचा ठरेल असे आम्हांला वाटत नाही.

हाच कापूस ही गोष्ट आपल्या मुलखात आणून सोडतो. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. इंग्रजांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले. मुंबईचा बाजार चढला. वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. पण मधल्या काळात कापूस परदेशी नेण्याची यंत्रणा पक्की झाली. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी आली. सरकारने खास कापूस कमिशनर नेमला. कापूस बाहेर जाऊ लागला आणि विलायती सूत व कापड त्याच आगगाडीने आत येऊ लागले. १८७७ च्या आरंभी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. भंडारा जिल्ह्यातल्या कोष्ट्यांच्या मागांना ह्या सगळ्याची झळ लागली. जाड सुती कापडाचा धंदा गिरणीने खाल्ला. रेशीमकाठी आणि कोसा ही गिरणीला सहज न जमणारी कामे, त्यांच्या आधाराने कित्येक माग तगले. मिसिसिपीच्या काठचा मळा आणि आंधळगावचा माग ह्यांच्यात एवढे अंतर असूनही सूत एकच होते.

ह्या युद्धाविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. अध्यक्ष लिंकन स्टोबाईंना भेटले तेव्हा, एवढे मोठे युद्ध सुरू करणारी छोटी बाई ती हीच का, अशा अर्थाचे ते काही बोलले म्हणे. दोघांची भेट १८६२ साली झाली हे खरे. पण हे वाक्य फार पुढे, कुटुंबाच्या आठवणींतून छापले गेले. त्या काळचा आधार त्याला नाही. पुस्तकाने युद्ध होत नाही. गुलामांनी स्वतः केलेले पलायन, बंडे आणि चळवळ, उत्तर-दक्षिणेच्या अर्थव्यवस्थांतला विरोध, ह्यांनी ते घडवले. पुस्तकाने एवढे केले की, ज्यांनी गुलाम कधी पाहिला नव्हता त्यांच्या घरात तो माणूस म्हणून आणून बसवला.

इंग्लंडात तर ह्या कादंबरीचा धुमाकूळच उडाला. तेव्हा आंतरराष्ट्रीय लेखनहक्क नव्हता. जो तो छापू लागला. जॉन कॅसलने जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह ती आठवड्याच्या भागांत काढली. तिकडे दहा लाखांच्या वर प्रती खपल्याचे सांगतात. त्यांतल्या बहुतेकींचा एक छदामही लेखिकेच्या पदरात कायद्याने पडला नाही. संग्राहकांच्या दृष्टीने ह्या चोरट्या आवृत्त्या म्हणजे एक जंगलच आहे. पण वाचकांच्या इतिहासात त्यांची किंमत मोठी, कारण पेनी-शिलिंगांच्या ह्या पुस्तकांनीच ती गोष्ट कामकऱ्यांच्या वस्तीत नेली.

येथवर आम्ही ह्या कादंबरीचे कौतुक केले. आता दुसरी बाजू. टॉमकाका मार सहन करतो, क्षमा करतो, आणि मरतो. पुढे नाटकवाल्यांनी त्याला आणखी लाचार केला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत 'अंकल टॉम' ही मालकापुढे वाकणाऱ्या माणसाला द्यायची शिवी झाली. १९४९ साली जेम्स बॉल्डविन ह्या निग्रो लेखकाने ह्या कादंबरीवर कडक टीका केली: करुणेच्या पुरात माणूस वाहून जातो आणि उरतो तो फक्त दयेचा विषय, असा तिचा रोख. संघटनेत काम करणाऱ्याला हा मुद्दा लगेच पटतो. कामगाराबद्दल हळहळणारे पुष्कळ असतात. त्याचे म्हणणे ऐकणारे थोडे.

आणि गुलामांनी आपले म्हणणे सांगितले नव्हते असे मुळीच नाही. फ्रेडरिक डग्लसने आपले आत्मचरित्र १८४५ सालीच, म्हणजे ह्या कादंबरीच्या सात वर्षे आधी छापले. जोसाया हेन्सनचे १८४९ साली आले. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस. १८४१ साली त्याला फसवून पळवले, लुइझियानात गुलाम म्हणून विकले. बारा वर्षांनी तो सुटला आणि १८५३ साली त्याचे 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते स्टोबाईंनाच अर्पण केलेले आहे. त्या वेळी त्याच्या सुमारे ३०,००० प्रती खपल्या. पण कादंबरी छापली जात राहिली आणि नॉर्थप विसरला गेला. इतका की, त्याची गोष्ट खरी होती की रचलेली, ह्याचीच शंका घेतली जाऊ लागली.

त्याला परत कोणी आणले? लुइझियानात स्यू इकिन नावाची एक मुलगी होती. बारा वर्षांची असताना तिने एका मळेवाल्याच्या घरी ह्या पुस्तकाची जुनी प्रत पाहिली आणि त्यात आपल्याच परिसराची नावे वाचून ती चकित झाली. पुढे कॉलेजात असताना, १९३६ साली, बॅटन रूजच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला एक प्रत दिसली. दुकानदाराने ती २५ सेंटला दिली; हे सगळे काल्पनिक आहे, त्यात काही अर्थ नाही, असा त्याचा समज होता. इकिनबाईंनी उभे आयुष्य त्या पुस्तकातला एकेक तपशील कागदपत्रांशी ताडून पाहण्यात घातले. १९६८ साली जोसेफ लॉग्सडन ह्यांच्यासह त्यांनी ते टिपांसह पुन्हा प्रसिद्ध केले. २०१३ साली त्यावर चित्रपट निघाला आणि नॉर्थपचे नाव जगभर झाले. २५ सेंटांची ती प्रत कोणा लिलावात गेली नव्हती. पण एका माणसाची साक्ष खोटी ठरण्यापासून तिने वाचवली.

आता महाराष्ट्रात येऊ. अमेरिकेच्या ह्या लढ्याची नोंद मराठीत कोणी घेतली? जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली निघालेले त्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला; आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी आशा तेथे व्यक्त झाली आहे. पुण्यात बसून, आगबोटीच्या टपालाच्या काळात, एक मराठी माणूस मिसिसिपीच्या मळ्याशी आपल्या शेतमजुराचे नाते जोडतो, ही गोष्ट आम्हांला आजही थक्क करते. अर्पणपत्रिका म्हणजे पुस्तकाचा दर्शनी काठ. तो कापून टाकला तर कापड राहते, पण ते कोणत्या मागाचे हे कळत नाही. फुल्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे ह्यांनी संपादून १९६९ साली राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे बाहेर आले, तेव्हा कोठे ते सामान्य वाचकाच्या हाती एकत्र पडले. मधली कित्येक वर्षे ते सुट्या, झिजलेल्या प्रतींच्या आधाराने जगले.

मराठी कादंबरीचेही मूळ असेच करुणेच्या पुस्तकात आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. विषय हिंदू विधवांची दुःस्थिती. टॉमकाकानंतर अवघ्या पाच वर्षांनी. ती चांगल्या हेतूने लिहिलेली आणि मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी कृती. पण विधवांच्या बाजूने एखादी स्त्री स्वतः बोलली का? बोलली, आणि ती आपल्या विदर्भातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला १८८१ साली अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी करण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रियांवरच आग पाखडली गेली. ताराबाईंनी उत्तरादाखल 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ते छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यावर एवढी टीका झाली की फुल्यांना १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही विस्मृतीत गेले. १९७५ साली मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले.

१८८२ ते १९७५. हे ९३ वर्षांचे अंतर कशाने पार झाले? ५०० प्रतींपैकी ज्या वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तडाख्यातून सुटल्या, त्यांनी. नॉर्थप आणि ताराबाई ह्यांच्यात भाषा, देश, धर्म काहीच समान नाही. पण दोघांची सुटका एकाच वाटेने झाली. कोणीतरी एक जुनी प्रत फेकली नाही, आणि दुसऱ्या कोणीतरी ती ओळखली.

मराठीत १८६७ पर्यंत छापलेल्या पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणण्याची रीत आहे; म्हणजे छपाई पाळण्यात असतानाची पुस्तके. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी ती जपली. अ. का. प्रियोळकरांनी छपाईचा इतिहास खणून काढला. शंकर गणेश दाते ह्यांनी गावोगावची ग्रंथालये पालथी घालून १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली. एवढे झाले म्हणून पुष्कळ वाचले. तरी जे गेले त्याचे कारणही पाहिले पाहिजे. आपल्याकडे हस्तलिखित पोथी रुमालात बांधून देवघरात ठेवली जाई. कोष्ट्याने विणलेल्या कापडानेच तिला तीन-तीनशे वर्षे राखले. छापील पुस्तक मात्र चार आण्यांचे. त्याला ना रुमाल, ना देवघर. त्यात वेव्हार, चळवळ, गाणी, नाटके, कामगारांची पत्रके असली तर विचारायलाच नको. ग्रंथालयात आले तरी बांधणीवाला पहिले काम हे करी की, फाटके कागदी वेष्टन, जाहिरातींची पाने आणि मागे छापलेली आश्रयदात्यांची यादी काढून टाकून जाड पुठ्ठा चढवी. पुस्तक टिकले, साक्ष गेली. त्या यादीत एखाद्या लहान गावच्या मास्तराचे, तलाठ्याचे, विणकराचे नाव असू शकत होते.

आता कोणी म्हणेल, हल्ली पानांची छायाचित्रे काढून ठेवता येतात, मग मूळ प्रत कशाला? छायाचित्रे जरूर काढावीत. मजकूर त्यांतून वाचतो, आणि दूरच्या अभ्यासकालाही तो घरबसल्या मिळतो. पण कागद चिंध्यांचा की लगद्याचा, शिवण पहिली की नंतरची, वेष्टन खालच्या दराचे की वरच्या, पानाच्या कोपऱ्यावर किती अंगठे उमटले, हे मूळ प्रतच सांगते. कापडाचे चित्र पाहून कोणी सौदा करीत नाही.

तेव्हा श्रोत्यांपाशी आमचे मागणे साधे आहे. टॉमकाकाची १८५२ ची प्रत आंधळगावात कोणाच्या माळ्यावर निघेल असे आम्ही म्हणत नाही. पण आजोबांच्या पेटीत जुनी क्रमिक पुस्तके असतील, विणकर सोसायटीचे पहिले छापील नियम असतील, विडी कामगारांच्या एखाद्या सभेचे पत्रक, मजुरीचे छापील दर, सत्यशोधकी जलशाचे चोपडे, १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते त्या वेळचा एखादा कागद असेल. तो रद्दीत जाऊ देऊ नये. चिकटपट्टी लावू नये; तिचा डिंक काही वर्षांनी कागद खातो. वेष्टन फाटके असले तरी फाडून टाकू नये. तळाशी छापखान्याची ओळ आहे का पाहावी, आणि कोणाच्या घरातून, कोणत्या साली मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा, किंवा गावच्या वाचनालयाकडे पावती घेऊन द्यावा. वाचनालयाने एक कपाट ह्यासाठी राखून ठेवले, तर त्याला फार खर्च येणार नाही.

धनिक संग्राहकाची प्रत कपाटात कोरी राहते, आणि त्याला ती तशीच हवी असते. आपल्याला हवी आहे ती वाचून झिजलेली, डाग पडलेली, कोणाच्या तरी सहीची प्रत. उद्या कोणी विचारले की ह्या मुलखातल्या कष्टकऱ्यांनी काय वाचले, काय मागितले, काय छापले, तर उत्तर तोंडी देऊन भागणार नाही. कागद पुढे ठेवावा लागेल.